जुनाट दुखणं आणि करंटची डबी

वर्षानुवर्षं कंबर किंवा गुडघा दुखणारा माणूस कधी ना कधी त्या छोट्या डबीपाशी येऊन पोहोचतो. खिशात मावेल एवढं यंत्र, त्यातून निघणाऱ्या वायरी आणि वायरींच्या टोकाला चिकट पॅड. खोक्यावर मोठ्या अक्षरांत 'मसल स्टिम्युलेटर' छापलेलं असतं आणि पहिला घोटाळा तिथेच होतो. कारण दुखणं कमी करणारा करंट बहुतेक वेळा स्नायूसाठी नसतोच. तो त्वचेखालून जाणाऱ्या, स्पर्श कळवणाऱ्या मज्जातंतूंसाठी असतो.

या दोन वेगळ्या पद्धती आहेत. वेदनेसाठी वापरतात ती टेन्स. तिच्यात सतत झिणझिण्या येतात, पण स्नायू हलत नाही किंवा नुसता फुरफुरतो. स्नायू आवळण्यासाठी वापरतात ती ईएमएस. तिच्यात करंट काही सेकंद येतो, स्नायू घट्ट आवळला जातो, मग करंट थांबतो आणि स्नायू सैल पडतो. हल्ली एकाच डबीत दोन्ही असतात आणि एका बटणाने पद्धत बदलते. यंत्र कशावर आहे हे न बघता आधीच आखडलेल्या कंबरेवर ईएमएस लावलं, तर दुसऱ्या दिवशी कंबर जास्त अवघडते आणि 'मला करंट सोसत नाही' असा शिक्का कायमचा बसतो. म्हणून सगळ्यात आधी पडद्यावर काय लिहिलंय ते वाचा. करंट थांबून थांबून येत असेल आणि स्नायूचा गोळा होत असेल, तर तुम्ही व्यायाम देताय, वेदनेवरचा उपचार नाही.

टेन्समागची कल्पना आपल्या ओळखीचीच आहे. पायाला ठेच लागली की हात आपोआप तिथे जातो आणि आपण चोळतो. चोळण्याचा स्पर्श वाहून नेणारे तंतू जाड आणि वेगवान असतात, वेदना नेणारे बारीक आणि संथ. जाड तंतूंकडून भरपूर संदेश आले की मज्जारज्जूत वेदनेच्या संदेशांची वाट अडते. १९६५ मध्ये रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी ही 'गेट'ची कल्पना मांडली. दोनच वर्षांनी वॉल आणि विल्यम स्वीट यांनी ती माणसांवर, स्वतःवरसुद्धा, विजेच्या साहाय्याने तपासून बघितली. पुढे आणखी एक गोष्ट उमगली: शरीरात स्वतःची वेदनाशामक रसायनं असतात आणि करंटमुळे त्यांचीही यंत्रणा जागी होते. ही रसायनं पेशींवरच्या ज्या जागांना चिकटून काम करतात, त्यांना ग्राहक म्हणतात. जास्त फ्रिक्वेन्सीचा करंट डेल्टा नावाच्या ग्राहकांमार्फत काम करतो, कमी फ्रिक्वेन्सीचा म्यू नावाच्या. ही माहिती कोरडी वाटेल, पण खाली तिचा थेट उपयोग आहे.

यंत्रावर तीन गोष्टी ठरवायच्या असतात. फ्रिक्वेन्सी म्हणजे एका सेकंदात किती झटके, हे हर्ट्झमध्ये. पल्सची रुंदी म्हणजे एक झटका किती वेळ टिकतो, हे मायक्रोसेकंदात. आणि तिसरा जोर. सुरुवातीला ८० ते १०० हर्ट्झ आणि १०० ते २०० मायक्रोसेकंद ठेवा. झिणझिण्या एकसंध येतात आणि बहुतेकांना सुसह्य वाटतात. दुसरा पर्याय २ ते ४ हर्ट्झ आणि २०० मायक्रोसेकंद किंवा जास्त. यात टक-टक असे वेगळे ठोके जाणवतात आणि स्नायू दर ठोक्याला हलकेच उडतो. तो २० ते ३० मिनिटांच्या वर चालवू नका, स्नायू दुखून येतो. कमी फ्रिक्वेन्सीचा प्रकार म्यू ग्राहकांवर अवलंबून असतो आणि मॉर्फिन, ट्रॅमाडॉल यांसारखी औषधंही त्याच ग्राहकांवर काम करतात. त्यामुळे ही औषधं बराच काळ घेणाऱ्यांना कमी फ्रिक्वेन्सीचा फायदा कमी मिळतो. त्यांनी जास्त फ्रिक्वेन्सीच धरावी.

फ्रिक्वेन्सीवर लोक तासन्‌तास चर्चा करतात. खरं तर फरक पडतो जोराने, आणि सगळ्यात जास्त चूक होते तीही जोराच्या बाबतीतच. पॅड लावले, बटण दाबलं, जरा मुंग्या आल्या की माणूस थांबतो आणि अर्धा तास तसाच बसून राहतो. असा पुसट करंट जवळपास वाया जातो. संशोधनातही कमी जोराचा करंट फारसा उपयोगी पडत नाही, हे पुन्हा पुन्हा दिसलं आहे. करंट जोरदार हवा, पण त्रासदायक नको. तो टप्पा असा शोधायचा: शून्यापासून एकेक पायरी चढवा. प्रथम जाणवेल ती पायरी लक्षात ठेवा. पुढे चढवत राहा. नकोसं वाटेल, टोचेल किंवा श्वास रोखला जाईल, त्या पायरीवरून एक-दोन पायऱ्या खाली या. तो तुमचा जोर. पाच-दहा मिनिटांत शरीराला सवय होते आणि झिणझिण्या विरतात, तेव्हा पुन्हा एक-दोन पायऱ्या वाढवा. अर्ध्या तासात दोन-तीनदा वाढवावं लागणं अगदी स्वाभाविक आहे.

पडद्यावरचा आकडा मात्र कुणाशी ताडून बघू नका. काही यंत्रांत १५ म्हणजे १५ मिलिअँपिअर, काहींत ती नुसती पंधरावी पायरी असते. शिवाय पॅडचा आकार, त्वचेचा कोरडेपणा आणि त्याखालच्या चरबीचा थर यांनी त्याच आकड्याचा परिणाम बदलतो. कालचा आकडासुद्धा आज लागू पडेलच असं नाही. दर वेळी शून्यापासून चढायचं.

आता पॅड. यंत्र बिघडलं असं वाटतं तेव्हा बहुतेक वेळा बिघडलेला असतो तो पॅड. त्वचा साबण-पाण्याने धुवून पूर्ण कोरडी करा. तेल, मलम, बाम किंवा लोशन लावलेलं असेल तर करंट सगळीकडे सारखा पसरत नाही, त्याच जागी चिकटपणाही जातो. केस दाट असतील तर कात्रीने बारीक करा. त्याच दिवशी रेझर फिरवू नका, त्वचेवर बारीक चिरा पडतात आणि पॅडखाली चुरचुरतं. घरगुती वापरासाठी ५ बाय ५ सेंटिमीटरचे पॅड पुरतात. कंबर आणि मांडीला ५ बाय १० चे बरे, कारण तोच करंट दुप्पट जागेत पसरतो आणि टोचणी कमी होते. याचंच उलट गणित म्हणजे लहान पॅड जास्त टोचतो. पॅडची एक कड उचलली गेली की सगळा करंट उरलेल्या भागातून जातो आणि तिथे सुई टोचल्यासारखं होतं. पॅड कात्रीने कापून लहान करण्याचा मोह टाळा, आतला वाहक थर कडेला उघडा पडतो.

जेलचे पॅड साधारण १५ ते ३० वेळा टिकतात. सोलून काढताना कड धरा, वायर ओढू नका. काढल्यावर लगेच त्यांच्या प्लास्टिकवर चिकटवून पिशवी हवाबंद करा. चिकटपणा कमी झाला की बोटावर पाण्याचा एक थेंब घेऊन जेलवर हलकेच फिरवा आणि दोन-तीन मिनिटं थांबा. जेल पुन्हा जरा जागं होतं. दोनदा असं करूनही कडा उचलल्या जात असतील तर पॅड टाकून द्या. एकाचे पॅड दुसऱ्याने वापरू नयेत.

पॅड कुठे लावायचे याचं एकच नेमकं उत्तर नाही. दुखरी जागा दोन पॅडच्या मध्ये यायला हवी आणि झिणझिण्या त्या जागेवर किंवा तिच्या आसपास जाणवायला हव्यात, हा मुख्य नियम. दोन पॅडमध्ये निदान एका पॅडच्या रुंदीएवढं अंतर ठेवा. फार जवळ लावले तर करंट वरच्यावर त्वचेतूनच पलीकडे जातो, अंतर वाढवलं की थोडा खोल उतरतो. कंबरेसाठी चार पॅड घ्या. मणक्याच्या डाव्या बाजूला एकाखाली एक दोन, उजव्या बाजूलाही तसेच दोन, आणि प्रत्येक बाजूला एक चॅनल, म्हणजे यंत्राच्या एकाच आउटपुटला जोडलेली दोन पॅडची जोडी. मणक्याच्या हाडावर पॅड लावू नका, बाजूच्या मऊ भागावर लावा. गुडघ्याला वाटीच्या वर दोन आणि खाली दोन, आणि एका चॅनलची जोडी तिरकी, म्हणजे वर-आतला पॅड आणि खाली-बाहेरचा पॅड. दुसऱ्या चॅनलची जोडी उलट तिरकी. सायटिकाची कळ पायात उतरत असेल तर एक पॅड कंबरेच्या बाजूला आणि दुसरा कुल्ल्यावर किंवा मांडीच्या मागे, कळ जिथून जाते त्या वाटेवर. मान दुखत असेल तर पॅड मानेच्या मागे आणि खांद्याच्या वरच्या स्नायूवर लावा. मानेच्या पुढच्या भागावर कधीच नाही, याचं कारण पुढे येईल. दुखऱ्या जागेला स्पर्शही सहन होत नसेल तर तिथून जरा दूर, त्याच वाटेवर वरच्या बाजूला लावून बघा.

काही बिनसलं तर आधी यंत्र बंद करा. चालू करंटमध्ये निघालेला पॅड बोटाने दाबला की बोटालाच झटका बसतो. दोनपैकी एकाच पॅडखाली जास्त जाणवतं, ही नेहमीची तक्रार. काही यंत्रांच्या करंटच्या लहरीचा आकारच असा असतो की एका टोकाला जास्त जाणवतं. वायरींची अदलाबदल करून बघा: जोर दुसरीकडे सरकला तर ती लहरीची करामत, पहिल्याच जागी राहिला तर पॅड वाळला आहे किंवा तिथली त्वचा नीट कोरडी झालेली नाही. हलताना मध्येच करंट जाऊन अचानक धक्का येत असेल तर वायर पिनपाशी आतून तुटलेली असते. वायर हलवून बघितलं की कळतं, आणि अशी वायर बदलण्याशिवाय इलाज नाही. काहीच जाणवत नसेल तर जोर चढवत सुटू नका. शून्यावर आणा, मग बॅटरी, पिना आणि पॅड एकेक करून तपासा. जोर वर ठेवून पिन खोचली तर जो झटका बसतो, त्यानंतर कित्येक जण यंत्राला हात लावत नाहीत. पॅड काढल्यावर त्वचा गुलाबी दिसणं ठीक आहे, तासाभरात ते जायला हवं. लालसरपणा दुसऱ्या दिवशीही राहिला, खाज सुटली किंवा फोड आले तर जेलची ॲलर्जी असू शकते, तेव्हा त्या प्रकारचे पॅड बंद करा.

या डबीचा पुरावा काय, हा प्रश्न प्रामाणिकपणे बघायला हवा, कारण जाहिराती फार बोलतात. २०२१ मध्ये ब्रिटनच्या नाइस या, उपचारांबाबत मार्गदर्शन करणाऱ्या संस्थेने जुनाट प्राथमिक वेदनेसाठी, म्हणजे दुसऱ्या आजाराने नीट उलगडा न होणाऱ्या जुनाट दुखण्यासाठी, टेन्स देऊ नये असं म्हटलं. दुसरीकडे २०२२ मध्ये ३८१ चाचण्या एकत्र बघणाऱ्या एका आढाव्यात यंत्र चालू असताना आणि लगेच नंतर वेदना कमी असते असं दिसलं. या दोन्हींत मला विरोध दिसत नाही. टेन्स चालू असतं तोवर आणि नंतर थोडा वेळ काम करतं. महिनाभर लावल्याने दुखणं मुळातून जातं, अशी आशा त्याच्याकडून धरणं चूक आहे.

मग वेळ हाच कळीचा मुद्दा होतो. खुर्चीत स्वस्थ बसून अर्धा तास करंट घ्यायचा, मग यंत्र काढून कामाला लागायचं, हा क्रम उलटा आहे. ज्या हालचालीने दुखतं ती करतानाच करंट चालू हवा. चालायला निघण्याआधी दहा मिनिटं लावा आणि डबी कमरेला अडकवून चाला. ओट्यापाशी उभं राहून काम करताना, फिजिओथेरपिस्टने दिलेले व्यायाम करताना चालू ठेवा. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेली फायब्रोमायल्जियावरची, म्हणजे अंगभर दुखणं आणि थकवा असणाऱ्या आजारावरची, एक चाचणी मला म्हणूनच महत्त्वाची वाटते. ३०१ स्त्रिया, तीन गट: खरं टेन्स, नकली टेन्स आणि टेन्स नाहीच. यंत्र रोज दोन तास, तेही वावरताना लावायचं होतं. चार आठवड्यांनी खऱ्या टेन्सच्या गटात हालचालीच्या वेळची वेदना आणि थकवा बाकी दोन्ही गटांपेक्षा कमी झाला. वेदना कमी असलेला तो वेळ हालचालीवर खर्च झाला, तर त्याचं चीज होतं. मात्र गाडी चालवताना, पाण्याजवळ आणि झोपेत यंत्र नको.

रोज तीच फ्रिक्वेन्सी, तोच जोर ठेवला तर काही दिवसांत शरीर सरावतं आणि परिणाम घसरतो. वरची चाचणीसुद्धा फ्रिक्वेन्सी २ ते १२५ हर्ट्झमध्ये सतत बदलती ठेवून केली होती. यंत्रात 'मॉड्युलेशन', म्हणजे असा आपोआप बदल करण्याची सोय, असेल तर ते वापरा, नसेल तर दिवसाआड जास्त आणि कमी फ्रिक्वेन्सी आलटूनपालटून वापरा. एक बारीक गोष्ट कॉफीची. १९९५ मध्ये निरोगी माणसांवर झालेल्या एका छोट्या प्रयोगात २०० मिलिग्रॅम कॅफिन, म्हणजे साधारण दोन कप कॉफी, घेतल्यावर टेन्सचा परिणाम खाली आला होता. यंत्र लावण्याआधीची कॉफी आठवडाभर सोडून बघायला काहीच अडचण नाही.

ईएमएसलाही दुखण्यात जागा आहे, पण ती आडवाटेने. गुडघा दुखतो किंवा सुजतो तेव्हा मज्जारज्जू मांडीच्या पुढच्या स्नायूला आखडता हात घेऊनच आदेश देतो. माणूस कितीही जोर लावो, स्नायू पुरा आवळला जात नाही, तो बारीक होत जातो आणि गुडघ्यावरचा भार वाढतो. बाहेरून दिलेला करंट त्या स्नायूला थेट जागवतो. खुर्चीत बसा, गुडघा साधारण ६० अंशांत वाकवा आणि पाऊल पट्ट्याने किंवा जड वस्तूला टेकवून अडवा. ५ बाय १० चा एक पॅड गुडघ्याच्या वाटीच्या चार बोटं वर, आतल्या फुगीर स्नायूवर. दुसरा मांडीच्या वरच्या भागात, बाहेरच्या बाजूला. ५० ते ७५ हर्ट्झ, ३०० ते ४०० मायक्रोसेकंद. करंट चढायला दोन सेकंद, १० सेकंद आवळणं, मग ५० सेकंद विश्रांती, असे १० वेळा. १० आणि ५० सेकंदांचा हा हिशोब १९७० च्या दशकात याकोव्ह कोट्स या सोव्हिएत शास्त्रज्ञाने खेळाडूंसाठी वापरला होता. विश्रांती कमी करून 'जास्त व्यायाम' मिळवायला जाऊ नका. आपण स्वतः स्नायू आवळतो तेव्हा तंतू पाळीपाळीने काम करतात. करंट मात्र तेच तंतू एकदम, पुन्हा पुन्हा कामाला जुंपतो, त्यामुळे ते फार लवकर दमतात. करंट आला की स्वतःही मांडी आवळा. आठवड्यातून तीनदा पुरे. पहिल्या एक-दोन वेळा जोर निम्माच ठेवा, नाहीतर दोन दिवस जिना उतरता येणार नाही. अतिरेकाने स्नायूंचा ऱ्हास होऊन मूत्रपिंडावर ताण आल्याच्या नोंदी आहेत, विशेषतः अंगभर करंट देणाऱ्या सूटमुळे. त्यानंतर लघवी गडद तपकिरी झाली तर वाट न बघता दवाखाना गाठा.

आता ज्यांनी या वाटेला जाऊच नये त्यांच्याबद्दल, आणि यात सवलत नाही. पेसमेकर, हृदयातलं डिफिब्रिलेटर किंवा शरीरात बसवलेलं कुठलंही विद्युत यंत्र असेल तर हृदयरोगतज्ज्ञाच्या परवानगीशिवाय टेन्सही नाही आणि ईएमएसही नाही. फिट्स येत असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. गरोदरपणात पोट आणि कंबरेवर नाही. पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी असेल किंवा तशी शंका असेल तर त्या पायावर नाही, गुठळी सुटू शकते. गाठीवर, कर्करोगाच्या जागेवर, जखमेवर, संसर्ग झालेल्या त्वचेवर नाही. मानेच्या पुढे नाही, कारण तिथल्या करंटने रक्तदाब एकदम पडू शकतो किंवा स्वरयंत्राचे स्नायू आवळले जाऊ शकतात. छातीवर पुढून-मागून नाही. डोळ्यांवर आणि डोक्याच्या दोन बाजूंना नाही. मधुमेहामुळे पाय बधिर झाले असतील तर विशेष जपा: बधिर त्वचेला करंट किती झाला हे कळत नाही आणि भाजतं. तपासायला सोपं आहे. डोळे मिटून बसा आणि दुसऱ्या कुणाला त्या जागी कापूस आणि टूथपिकचं टोक आलटूनपालटून टेकवायला सांगा. कापूस कुठला, टोक कुठलं हे सांगता आलं नाही तर तिथे पॅड लावू नका.

दुखण्याचं कारण कुणी तपासलेलंच नसेल तर यंत्र नंतर, तपासणी आधी. कंबरदुखीबरोबर पायातली ताकद जात असेल, लघवी-शौचावरचा ताबा सुटत असेल, मांडीच्या आतल्या भागात बधिरपणा येत असेल किंवा ताप आणि घटतं वजन सोबत असेल, तर करंट लावत बसण्यात मोलाचा वेळ जातो.

उपयोग होतोय का, हे मनाच्या भरवशावर ठरवू नका. रोज एकच ठरलेली हालचाल घ्या, उदाहरणार्थ जिन्याच्या दहा पायऱ्या. यंत्र लावण्याआधी आणि लावलेलं असताना ती करून वेदनेला ० ते १० मधला आकडा द्या आणि वहीत लिहा. दोन गुणांनी किंवा तीस टक्क्यांनी खाली आलेला आकडा खरा फरक मानतात, एका गुणाचा फरक रोजच्या चढउतारातही पडतो. दोन आठवडे रोज लिहा. फरक नसेल तर आधी जोर तपासा, मग पॅडच्या जागा बदला, मग फ्रिक्वेन्सी, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलून निदान तीन दिवस द्या. इतकं करूनही वहीतला आकडा हलला नाही तर तुमच्या दुखण्यावर ही डबी चालत नाही. यंत्र परत करता येत असेल तर करा आणि ती वही घेऊन फिजिओथेरपिस्टकडे जा. कुठल्या हालचालीला, कुठल्या वेळी, किती दुखतं, हे सगळं त्यांना तिच्यात तयार सापडेल.